कशावरून म्हणतेस?

पालकहो, नववी-दहावीच्या पालकसभेत मराठीच्या शिक्षकांना हमखास एक प्रश्न विचारला जातो : ‘निबंधाचं चांगलं पुस्तक कोणतं घ्यावं?’ त्यामागची तुमची काळजी मला कळते. दहावीच्या कुमारभारतीच्या ८० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत निबंधाला ८ गुण असतात आणि प्रसंगलेखन, आत्मवृत्त, वैचारिक लेखन यांतलं एक निवडायचं असतं. पहिल्या दोन्हींची मुलं काही ना काही तयारी करून जातात. वैचारिक विषयाकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही, आणि जी वळतात त्यांतली बरीचशी पाठ केलेलं उतरवून येतात. मला आज याच तिसऱ्या प्रकाराबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. गुण मिळतील किंवा जातील, ती गोष्ट वेगळी. स्वमताच्या प्रश्नात चार-सहा ओळींत भागतं. इथे मुलाला पानभर स्वतःच्या मताच्या पाठीशी उभं राहावं लागतं, आणि शाळा सुटल्यावर आयुष्यभर त्याला हेच करायचं आहे. घरात, कचेरीत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत.

वर्गात असा विषय दिला की बहुतेक वह्यांत एकच साचा दिसतो. ‘आजच्या विज्ञानयुगात’ अशी सुरुवात, मग फायदे, मग तोटे, मग प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, आणि शेवटी अति तेथे माती. भाषा शुद्ध असते, अक्षर सुरेख असतं, सुभाषितही योग्य जागी आलेलं असतं. पण निबंध वाचून झाल्यावर लिहिणारी मुलगी स्वतः कुठे उभी आहे, हे कळत नाही. तिने एक यादी केली, दुसरी यादी केली आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोपवला.

या मुलांना मत नसतं, असं मुळीच नाही. मधल्या सुट्टीत त्यांच्या घोळक्याजवळ थांबा. कुणाला संघात घ्यायला हवं होतं, कुणाला झालेली शिक्षा अन्यायाची होती, यावर ती काय सुरेख भांडतात! कारणं देतात, मागचे दाखले काढतात, समोरच्याचं बोलणं मध्येच पकडून खोडून काढतात. निबंधाला लागणारं सगळं सामान त्यांच्यापाशी आहे. कागद समोर आला की ते आत जातं, कारण लिहून मत देणं त्यांना धोक्याचं वाटतं. मोठ्यांसमोर वेगळं बोललं की ‘उलटून बोलू नकोस’ असं ऐकत ती वाढलेली असतात. शाळेतही आम्ही शिक्षक त्यांना बहुतेक वेळ एकच बरोबर उत्तर असलेले प्रश्न विचारतो. मग परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज घेत लिहिणं त्यांना सुरक्षित वाटतं, आणि दोन्ही बाजू थोड्या थोड्या लिहिणं त्याहूनही सुरक्षित.

वर्गात आम्ही ही मांडणी कशी शिकवतो, ते एका विषयावरून सांगते. विषय मुलांच्या अंगावरून गेलेला आहे : पाचवी-आठवीत नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवावं का? शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही, असं ठरवलं. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यावी, नापास झालेल्यांना जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यावी, आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही हे राज्यांनी ठरवावं, असं तिने म्हटलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून हा मार्ग घेतला. म्हणजे यावर भल्याभल्यांचं दोन्हीकडून मत पडलेलं आहे. मुलांनी लिहायला याहून चांगला विषय कुठला!

पहिल्या तासाला वह्या बंद. फक्त प्रश्न नीट करायचा. मुलांना बोलू दिलं की फळ्यावर तीन वेगळे प्रश्न जमतात : परीक्षा असाव्यात का, नापास करावं का, आणि मुलं अभ्यास का करत नाहीत. निबंधातला निम्मा गोंधळ इथलाच असतो. एक जण परीक्षेच्या बाजूने बोलतो, दुसरा नापास करण्याच्या विरुद्ध, आणि दोघांनाही वाटतं की आपण भांडतो आहोत. प्रत्यक्षात दोघांचंही एकाच वेळी खरं असू शकतं. हे लक्षात यायला अख्खा तास गेला तरी तो सत्कारणी लागला, असं मी मानते.

मग भूमिका. ‘नापास पद्धत वाईट आहे’ या वाक्यावर निबंध उभा राहत नाही, कारण ते फक्त नाराजी सांगतं. ‘आठवीत नापास झालेल्याला त्याच वर्गात ठेवण्यापेक्षा पुढे पाठवून अडलेल्या भागाची वेगळी शिकवणी द्यावी’ हे वाक्य मात्र एक बाजू घेतं. त्याला विरोध करता येतो, त्याचं समर्थन करता येतं, त्यासाठी काय लागेल ते विचारता येतं. मी मुलांना एकच कसोटी देते : तुझं वाक्य ऐकून एखादा शहाणा माणूस ‘नाही, मला पटत नाही’ म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल, तर ती भूमिका झाली.

पुराव्याचा तास मला सगळ्यात आवडतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासतात. पाचवीत असून दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ टक्के. हे दोन आकडे फळ्यावर लिहायचे आणि बाजूला व्हायचं. एक गट लगेच म्हणतो, बघा, नापास करत नाहीत म्हणून वाचन घसरलं. दुसरा म्हणतो, मधल्या काळात कोरोनामुळे शाळाच बंद होत्या. मग थोडं थांबलं, कुणालाच ‘शाबास’ म्हणायची घाई केली नाही, की एखादा मुलगा विचारतो : पण नापास न करण्याचा नियम तर २०१८ मध्येही होता, मग नंतरची घसरण त्याच्या माथी कशी मारता येईल? पहिला गट विचारात पडतो आणि सावरून म्हणतो, बरं, घसरणीचं सोडा. पण २०१८ मध्येसुद्धा निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं, त्याचं काय? आणि मग मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणतं की तेच वर्ष पुन्हा करून त्यांना वाचता आलं असतं का, हे तर या आकड्यांतून कळतच नाही.

इथे मुलांच्या हाती खरी गोष्ट लागते. आकडा स्वतःहून कुणाच्याच बाजूने बोलत नाही. हा पुरावा माझ्या म्हणण्याला नेमका कसा आधार देतो, हे सांगणारं वाक्य लेखकाला स्वतः लिहावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेक निबंधांत नसतं. मुलं आकडा देतात आणि पुढच्या मुद्द्याकडे धावतात. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ च्या आपल्या पुस्तकात दावा, आधार आणि त्या दोघांना जोडणारं तत्त्व अशी युक्तिवादाची फोड करून दाखवली. मुलांना मी त्याचं नाव सांगत नाही. प्रत्येक पुराव्याखाली ‘याचा अर्थ असा की...’ एवढं लिहायला लावते आणि ते वाक्य पूर्ण करायला सांगते. ज्याला ते पूर्ण करता येत नाही, त्याने तो पुरावा काढून टाकायचा.

यानंतर समोरची बाजू. पालकहो, सगळ्या मांडणीतलं काळीज कुठे असेल तर ते इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मीमांसेच्या ग्रंथांत प्रश्नाचा विचार करायची शिस्तच अशी की आधी विषय, मग त्याबद्दलचा संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतरच उत्तर. आपलं म्हणणं मांडण्याआधी विरोधकाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं. मुलांना मी सांगते, पूर्वपक्ष असा लिही की तो वाचून समोरच्याने मान हलवावी आणि म्हणावं, ‘बरोबर, माझं हेच म्हणणं आहे.’ हे कठीण आहे. सुरुवातीला मुलं विरोधकाला मुद्दाम बावळट करतात : ‘काही लोक म्हणतात की मुलांना नापास करून रडवावं.’ असं कुणीच म्हणत नाही. नापास करावं म्हणणाऱ्यांमध्ये स्वतःच्या वर्गात आठवीला आलेल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही हे पाहून तळमळणारे शिक्षक आहेत. त्यांची तळमळ निबंधात आली पाहिजे.

यासाठी मी टिळक-आगरकरांचं उदाहरण घेते. दोघं महाविद्यालयापासूनचे मित्र, १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलपासूनचे सहकारी. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’चे आगरकर पहिले संपादक. पुढे मतभेद वाढले, आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारा वर्षं केलं, तेव्हा दोघं समोरासमोर उभे होते. मुलं पहिल्या झटक्यात लिहितात की टिळकांना बालविवाह हवे होते. मग पूर्वपक्ष नीट लिहायला बसवलं की उमगतं, त्यांच्या विरोधाचा मोठा रोख परक्या सरकारने कायदा करून आपल्या चालीरीतींत हात घालण्यावर होता. हे समजल्यावरही वर्गातली बहुतेक मुलं, विशेषतः मुली, आगरकरांच्याच बाजूने उभी राहतात, आणि मीही राहते. पण आता त्यांना आणखी एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं : सरकार परकं असलं तरी एखाद्या लहान मुलीचा जीव वाचवणारा कायदा त्याने करावा का? निबंध तिथे एकदम मोठा होतो.

एवढं झाल्यावर लिहिणं सुरू होतं. पहिल्या खेपेला परिच्छेद साधारण असा येतो :

‘नापास करणे चुकीचे आहे. नापास झालेल्या मुलाला वाईट वाटते. त्याचे मित्र पुढे जातात. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे. म्हणून नापास करू नये.’

एकही वाक्य खोटं नाही. पण कोणतंही वाक्य उचलून दुसरीकडे ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि शेवटच्या ‘म्हणून’ला मागच्या वाक्यांतून पुरेसा आधार मिळालेला नाही. चर्चेनंतर तोच परिच्छेद असा होऊ शकतो :

‘आठवीत नापास झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवले, तर तो तेच पुस्तक, बहुधा त्याच पद्धतीने, पुन्हा शिकतो. जी पद्धत पहिल्या वर्षी त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, ती दुसऱ्या वर्षी पोहोचेल असे मानायला काही आधार हवा. भीती असल्याशिवाय मुले अभ्यास करत नाहीत, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. परीक्षा नसली की उजळणी मागे पडते, हे आम्ही अनुभवले आहे. परंतु हा मुद्दा परीक्षा घेण्याच्या बाजूचा आहे, नापास करण्याच्या नव्हे. परीक्षा अवश्य घ्यावी, कोण कुठे अडले ते शोधावे, आणि त्याला पुढच्या वर्गात पाठवून तेवढ्या भागाची वेगळी शिकवणी द्यावी.’

आता वाक्यं एकमेकांना धरून आहेत. यात समोरच्याचं एक म्हणणं मोकळेपणाने मान्य केलं आहे, आणि त्यामुळे लेखकाची बाजू दुबळी झालेली नाही. तिच्यावरचा विश्वास वाढला आहे. याच्या नेमकं उलट मत तितक्याच नेटाने मांडणारी मुलगी त्याच बाकावर बसलेली असते. मी तिलाही तेवढेच गुण देते. परीक्षकाच्या मताशी आपलं मत जुळलं पाहिजे ही भीती मुलांच्या मनातून काढायला तुम्हीही मला मदत करा.

आणखी एक सांगायला हवं. प्रत्येक प्रश्नाला दोन सारख्या बाजू नसतात. ‘हुंडा असावा की नसावा’ या विषयावर मी मुलांना दोन गट करून भांडायला लावणार नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा लिलाव वादाला टाकण्याजोगा नाही. तिथे प्रश्न बदलतो : इतकी वर्षं कायदा असूनही हुंडा का चालतो, आणि तो थांबवायला आधी कुठे हात घालावा? यावर भरपूर मतभेद होऊ शकतात आणि व्हायला हवेत.

आता घराकडे येते. वर्गात आम्ही जे महिनाभर करतो, ते तुम्ही दोन प्रश्नांनी करू शकता. मूल काही ठासून बोललं की विचारा : ‘कशावरून म्हणतेस?’ ते कारण देईल. मग विचारा : ‘जिला हे पटत नाही, ती काय म्हणेल?’ बस. यासाठी तुम्हाला विषय माहीत असायला हवा असं नाही, शिक्षण किती झालंय याचाही संबंध नाही. रात्रपाळी करून आलेल्या वडिलांनी चहा घेताना विचारलं तरी चालेल. फक्त आवाज उलटतपासणीचा नको. मूल अडखळलं तर थांबा, उत्तर तुम्ही पुरवू नका. व्हॉट्सॲपवर एखादा आकडा आला की तो कुणी मोजला, कुठे मोजला, हे मुलालाच शोधायला सांगा. ज्या घरात इंग्रजी शाळेमुळे मुलांचं मराठी अडतं, तिथे आधी सरमिसळ भाषेत मोकळं बोलू द्या, मराठीत लिहिणं नंतर येईल. विचार आधी सुटा झाला पाहिजे. मोबाइलवर विषय टाकला की आता अख्खा निबंध तयार होऊन येतो, हे मला माहीत आहे. तो घरी आलाच, तर फाडून टाकू नका. त्याला हेच दोन प्रश्न मुलाकडून विचारून घ्या.

एक विनंती विशेष कळकळीने. मुलाने वाद घातला तर ‘वकील होणार’ म्हणून कौतुक होतं, आणि मुलीने घातला तर ‘सासरी कसं होणार’ हे अजून मी पालकांच्या तोंडून ऐकते. नववीत हुशारीने भांडणारी मुलगी दहावीत गप्प झालेली मी पाहिली आहे. तिच्या वहीत मग फायदे आणि तोटे उरतात. कृपा करून तिला बोलू द्या. ती चुकीचं बोलत असेल तर कारण देऊन खोडा, आणि तिचं बरोबर असेल तर ‘पटलं मला’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. घरातला एखादा निर्णय आपल्या युक्तिवादामुळे बदलला, हा अनुभव ज्या मुलीला मिळतो, तिला निबंधाची रचना निराळी शिकवावी लागत नाही.

या सत्रात मुलं एक काम घरी घेऊन येणार आहेत. प्रत्येकाने घरातला एक खरा प्रश्न निवडायचा आहे. शिकवणी बदलावी का, ट्रेकला एकटं पाठवावं का, आजीने गावाहून इकडे राहायला यावं का, मोबाइल रात्री कुणाकडे असावा, काहीही. त्यावर मूल एक पान लिहील, तुमची बाजू पूर्वपक्ष म्हणून त्यात असेल. ते वाचून तुम्ही अर्धं पान उत्तर लिहायचं आहे. तुमचं म्हणणं त्याने बरोबर मांडलं आहे का, हे आधी सांगा. नसेल तर नेमकं कुठे चुकलं ते दाखवा. मग त्याच्या सगळ्यात वजनदार कारणाला उत्तर द्या. शुद्धलेखन तपासू नका, ते माझं काम आहे. आई आणि बाबांची मतं वेगळी असतील तर दोघांनी वेगवेगळं लिहा, आजी-आजोबांनी लिहिलं तर फारच छान. लिहिणं जमत नसेल तर तोंडी सांगा, मूल उतरवून घेईल. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही कागद एकत्र टाचून शाळेत पाठवा.